भुसा, वस्त्रगाळ पूड आणि यंत्राची गाळणी

लाकडाचा भुसा ओढून घेणाऱ्या यंत्राची गाळणी का तुंबते आणि ती तुंबू नये म्हणून काय करावे, हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर काहीसा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या पट्ट्यात लाकूडकामावर पोट भरणारी माणसे थोडी नाहीत. कल्याणच्या लाकडाच्या वखारी, उल्हासनगरचा फर्निचर बाजार आणि घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या इमारतींतून नव्या बिऱ्हाडाच्या आधी महिना-दोन महिने चालणारे सुतारकाम ही सर्वांच्या नजरेतली गोष्ट आहे. त्या माणसांच्या छातीत काय जाते, हा प्रश्न शेवटी या गाळणीपाशीच येऊन ठेपतो. म्हणून आम्ही तो येथे जरा विस्ताराने मांडतो.

लाकूडकाम आपल्याकडे नवे नव्हे. इ. स. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजे याच खाडीवर बांधली गेली. पण त्या काळचा सुतार वाकसाने तासत होता, पटाशीने कोरत होता, रंध्याने गुळगुळीत करीत होता. या हत्यारांतून निघतात त्या ढलप्या. त्या जमिनीवर पडतात, झाडूने गोळा होतात आणि चुलीत जातात. हातकरवतीचा भुसाही जाडसर आणि जड असतो, तो पायाशी साचतो. विजेची चक्राकार करवत आली, तिच्या पाठोपाठ मिनिटाला हजारो फेरे घेत काचकागद फिरवणारे घासयंत्र आले आणि प्रकार पालटला. या यंत्रांतून भुसा निघतो, पण त्यासोबत पूडही निघते. ही पूड वैद्यबुवांच्या वस्त्रगाळ चूर्णाहूनही बारीक असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर घासकामाच्या धुळीत १० मायक्रॉनहून लहान कण विपुल असतात. हे कण खाली पडत नाहीत. दुपारी जेवणाची सुट्टी होऊन काम थांबले तरी ते हवेत तरंगतच असतात. त्यात आता सागवानाची जागा प्लायवूडने आणि एमडीएफच्या फळ्यांनी घेतली आहे. एमडीएफ म्हणजे मुळातच लाकडाचा लगदा डिंकासारख्या रसायनाने बांधून दाबलेला. तो कापला की पुन्हा पूडच होतो.

ही धूळ ओढून घ्यायला कारागीर आता व्हॅक्यूम यंत्र आणतो. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनियराने अशा यंत्राची कल्पना पुढे आणली. आधी त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटलेली त्याला आढळली. सगळे यंत्र या रुमालातच आले! पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ येते, कापड धूळ अडवते आणि हवा पुढे जाते. मग पुढे गेलेल्या हवेची वाट अडवणारी वस्तू कोणती? तीच अडवलेली धूळ.

हे समजण्यासाठी कोठे दूर जायला नको. पिठाच्या गिरणीत दळण पडते तेथे लांब कापडी पिशवी बांधलेली असते. जात्यातून पिठाबरोबर येणारी हवा त्या कापडातून निसटते, पीठ मात्र डब्यात पडते. कापड नवे असताना त्यातून थोडे पीठ बाहेर भुरभुरते. काही दिवसांनी कापडाच्या आतून पिठाचा पातळ थर बसतो आणि भुरभुर थांबते. म्हणजे गाळण्याचे निम्मे काम कापड करते, निम्मे पिठाचा थरच करतो. पण तो थर फार जाड झाला की पिशवी फुगते, हवा कोंडते, आणि गिरणीवाला तिला बाहेरून चार थापट्या मारतो. आपल्या यंत्राच्या गाळणीचे सारे शास्त्र या थापट्यांत आहे. पातळ थर हा मित्र, जाड थर हा शत्रू. कोरी करकरीत गाळणी सर्वांत उत्तम गाळते ही समजूत बरोबर नाही. यास्तव दर तासाला ती घासून पुसून लख्ख करण्याचा खटाटोपही नको.

एक शंका येथे रास्त आहे. गाळणीच्या छिद्रांहून लहान कण तरी कसे अडतात? गाळणीचा कागद म्हणजे चहाच्या गाळण्यासारखी जाळी नव्हे. तो तंतूंचा रानमाळ असतो. मोठा कण वळणावर हवेबरोबर वळू शकत नाही आणि तंतूवर आदळतो. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भरकटतो आणि केव्हातरी तंतूला चिकटतोच. मधला, सुमारे ०.३ मायक्रॉनचा कण मात्र सर्वांत लबाड. तो ना धड आदळतो, ना धड भरकटतो. म्हणूनच हेपा नावाच्या उत्तम गाळणीची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात, आणि तिने त्यांतले शेकडा ९९.९७ अडवावेत अशी अट असते. मात्र काही कण तंतूंच्या या रानात खोलवर शिरून बसतात, आणि ते थापट्यांनी निघत नाहीत. गाळणी जुनी होते ती यामुळे. पृष्ठभागावरच धूळ अडवणारे, गुळगुळीत पातळ पापुद्रा लावलेले कापड महाग असते, पण ते झटकल्यावर पुष्कळसे मोकळे होते.

गाळणी तुंबली की यंत्राचा आवाज चढतो. यंत्रावर भार आला असे लोक समजतात. वस्तुतः उलट घडते. हवा कमी आल्याने पंख्याला काम कमी उरते, म्हणून तो अधिक वेगाने फिरतो. नळीच्या तोंडाला तळहात लावला तर तो घट्ट ओढला जातो, आणि कारागीर म्हणतो, यंत्र जोरात आहे! पण धूळ वाहून नेतो तो हवेचा ओघ. तोच आटला तर नुसत्या ओढीचा काय उपयोग? आणि ज्या यंत्रांची मोटार त्याच हवेने थंड होते, ती मोटार अशा वेळी तापून जळते.

मग कारागीर काय करतो? पहिल्या दिवशी गाळणी भिंतीवर आपटतो. दुसऱ्या आठवड्यात ती आपटून फाटते. तिसऱ्या आठवड्यात तो ती काढूनच टाकतो, आणि यंत्र पुन्हा झकास चालू लागते. या टप्प्यावर ते यंत्र धूळ गोळा करणारे राहिलेले नसते. जाड भुसा टाकीत पडतो, आणि सर्वांत बारीक पूड मागच्या तोंडातून खोलीभर फवारली जाते. यंत्र नसते तर बरे, अशी अवस्था! आमच्या मते गाळणी तुंबण्यातला खरा धोका हाच आहे.

धोका हा शब्द आम्ही मोजून वापरीत आहोत. इंग्लंडातील हाय विकम हे खुर्च्यांच्या कारखान्यांचे गाव. तेथील फर्निचर कारागिरांत नाकाच्या आतल्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग नेहमीपेक्षा फारच अधिक आढळतो, असे १९६० नंतरच्या दशकात हॅडफील्ड, अ‍ॅचिसन प्रभृती डॉक्टरांनी दाखवून दिले. १९६८ साली त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातली. दमा, सततची सर्दी, कातडीची खाज ही तर रोजचीच गाऱ्हाणी. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमाने धूळ जेथे उठते तेथूनच ती ओढून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. परंतु चार माणसांचे दुकान आणि गिऱ्हाइकाच्या फ्लॅटमध्ये बसून केलेले काम सामान्यतः त्या कायद्याच्या कक्षेत आलेच नाही. तेथे माणसाचे रक्षण करायला गाळणीखेरीज कोणी नाही.

उपायाचे पहिले सूत्र असे, की गाळणीपर्यंत धूळ जाऊच देऊ नये. आपला शेतकरी खळ्यावर उफणणी करतो तेव्हा दाणे पायाशी पडतात आणि भूस वाऱ्याबरोबर जाते. जड आणि हलके वेगळे करायला त्याला चाळणही लागत नाही. हीच युक्ती वावटळीच्या आकाराच्या यंत्रात आहे. तिला सायक्लोन म्हणतात. १८८५ साली अमेरिकेत जॉन फिंच याच्या नावे तिचे पेटंट निघाले, आणि लाकूड गिरण्यांच्या छपरांवर तिची पत्र्याची नरसाळी दिसू लागली. १९७० नंतरच्या दशकात जेम्स डायसन या इंग्रजाने अशाच एका लाकूड गिरणीतले नरसाळे पाहून घरगुती यंत्रात ती युक्ती आणली. घरच्या यंत्राची पिशवी तुंबते, या वैतागातूनच तो त्या खटपटीला लागला होता. यशस्वी नमुना हाती येईपर्यंत त्याने ५,१२७ नमुने केले असे तो सांगतो.

आपल्या कारागिराला ५,१२७ नमुन्यांची गरज नाही. यंत्र आणि हत्यार यांच्या मध्ये घट्ट झाकणाची एक बादली आणि तिच्यावर लहानसे नरसाळे बसवले की काम भागते. हवा कडेने तिरकी आत शिरते, भिंतीला धरून गरगर फिरते, भुसा भिंतीवर फेकला जाऊन खाली घसरतो आणि मोकळी झालेली हवा मधल्या नळीने यंत्राकडे जाते. सेकंदाला १५ मीटर वेगाची हवा १५ सेंटिमीटर त्रिज्येत फिरली तर कणावर त्याच्या वजनाच्या सुमारे १५० पट जोर येतो. मग भुसा हवेत तरंगणार कसा? रंगाची रिकामी बादली याला चालते, पण पातळ असेल तर नळी अडकताच ती चिपाडासारखी आत चेपते. जाड प्लास्टिकची किंवा लोखंडी घ्यावी. झाकणातून हवा झिरपता कामा नये. बादलीच्या मध्यभागी दाब सर्वांत कमी असतो. खालून फट राहिली तर तेथून शिरलेली हवा पडलेला भुसा पुन्हा वर उचलून नेते. दोन-तृतीयांश भरण्याच्या आत बादली रिकामी करावी, हेही त्याच कारणाने.

चांगल्या नरसाळ्यात वजनाने जवळजवळ सगळा भुसा खाली राहतो. उरते ती अगदी थोडी बारीक पूड. पण छातीला अपाय करणारी हीच, म्हणून पुढची गाळणी काढून चालत नाही. भार कमी झाल्यामुळे ती आठवड्याऐवजी महिन्यांनी तुंबते, एवढाच लाभ, आणि तो मोठा आहे.

दुसरे सूत्र गाळणीच्या क्षेत्राचे. सेकंदाला ३० लिटर हवा ०.३ चौरस मीटर कापडातून गेली तर तिचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटर पडतो. तेच कापड चुण्या घालून १.२ चौरस मीटर केले की वेग अडीच सेंटिमीटर. शिवाय तेवढीच धूळ चौपट जागेवर पसरल्याने थरही चौथ्या हिश्शाचा. दोहोंचा गुणाकार होऊन थराचा अडथळा सोळाव्या हिश्शावर येतो. यास्तव दोन गाळण्यांतून निवड करताना किमतीपेक्षा चुण्या मोजाव्यात. मात्र चुण्या फार दाटीने घातल्या असतील तर फटीत धूळ गच्च बसते आणि हिशेबातले क्षेत्र हिशेबातच राहते. टाकीच्या आत न विणलेल्या कापडाची फेकण्याजोगी पिशवी घातली तर गाळणी आणखी वाचते. पिशव्यांचा खर्च सुताराला डाचतो. गाळणीची किंमत आणि दोघांची तुलना त्याच्यापुढे मांडली तर तो सहसा समजतो.

साफसफाईची रीत सोपी आहे. यंत्र बंद करून थोडा वेळ थांबावे, गाळणी काढून मोठ्या पॉलिथिनच्या पिशवीत घालावी, पिशवीचे तोंड बांधावे आणि बाहेरून थापट्या माराव्यात. गिरणीवाल्याची ती आठवण! धूळ पिशवीतच राहते. गॅलरीत उभे राहून गाळणी आपटणे म्हणजे आपली धूळ खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाठवणे होय. दाबाची हवा असेल तर ती स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे, जरा दुरून आणि उघड्यावर मारावी. जवळून मारल्यास कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. तोंडाला मुखपट्टी हवीच.

आपल्याकडे पावसाळ्याचा एक वेगळाच प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर लाकडाची पूड हवेतली ओल पिते आणि कागदावर लेपासारखी बसते. संध्याकाळी न झटकलेली गाळणी सकाळी निम्मी बाद झालेली असते, आणि चार दिवस तशीच पडली तर तिला बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यात दिवसाचे काम संपताच ती झटकून कोरड्या जागी ठेवावी. कागदी गाळणी धुऊ नये. धुता येण्याजोगी असेल तर पुरते वाळल्याशिवाय बसवू नये. त्याच यंत्राने भिंतीची पुट्टी घासल्याची धूळ ओढत असाल तर तिच्यासाठी निराळी गाळणी ठेवावी, कारण ती पूड लाकडाहूनही बारीक असते आणि ओल लागली की चुणीत दगडासारखी बसते.

लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या मात्र या यंत्रात कधीही ओढू नयेत. भुशात पडलेली ठिणगी तासन्‌तास धुमसते आणि दुकान बंद झाल्यावर पेटते. जवसाचे तेल लावलेल्या चिंध्या तर ठिणगीविनाही तापतात. त्या बादलीत टाकू नयेत.

राहता राहिला बादलीतला भुसा. एके काळी तो घरोघरी भुशाच्या शेगडीत ठासून जाळीत असत, आणि सागवानाचा किंवा आंब्याचा निर्भेळ भुसा आजही तसा वापरायला हरकत नाही. प्लायवूड आणि एमडीएफच्या पुडीत चिकट रसायने असतात. ती शेगडीत जाळू नये, गुरांखाली अंथरू नये आणि कुंड्यांतही घालू नये. ती किंचित ओली करून पिशवीत बांधावी आणि कचऱ्यात द्यावी. दोन्ही प्रकारांसाठी दोन बादल्या ठेवल्या तर वेगळे करण्याचा त्रासच उरत नाही.