औष्णिक दुर्बिणीची निवड : 'दिसणे' आणि 'ओळखणे' यांतील अंतर

प्रास्ताविक

बंदुकीवर बसवावयाची औष्णिक दुर्बीण, म्हणजेच थर्मल स्कोप, कशी निवडावी हा पाश्चात्त्य देशांत हौशी शिकाऱ्यांचा प्रश्न आहे. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ अन्वये शिकारीस बंदी असल्याने तो गैरलागू वाटण्याचा संभव आहे. तथापि, त्याच अधिनियमाच्या कलम ११ नुसार, मानवी जीवितास धोकादायक ठरलेला बिबट्यासारखा प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन त्यास मारण्याची परवानगी देऊ शकतात. यवतमाळ जिल्ह्यातील 'टी-१' (अवनी) वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. त्या मोहिमेत औष्णिक कॅमेऱ्याचे ड्रोनही वापरले गेले होते. बोरिवली ते मुलुंड या उपनगरांच्या मधोमध सुमारे १०४ चौ. कि.मी. चे राष्ट्रीय उद्यान असून, २०१८ च्या गणनेत उद्यान व परिसरात ४७ बिबटे आढळले होते. तेव्हा रात्री नेमके काय दिसते, हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

अंतराचे गणित

औष्णिक दुर्बीण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे उष्णताप्रारण टिपते. विक्रेते 'पल्ला' म्हणून जो आकडा सांगतात तो बहुधा केवळ उष्ण ठिपका दिसण्याचा असतो. जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार वस्तू आहे एवढे कळण्यास तिच्या उंचीवर किमान २ पिक्सेल, तिचा वर्ग कळण्यास ८ आणि नेमकी ओळख पटण्यास सुमारे १३ पिक्सेल लागतात; तेही निम्म्या वेळाच यश येईल या हिशेबाने.

१२ मायक्रॉनचा पिक्सेल व ३५ मि.मी. चे भिंग घेतल्यास १०० मीटरवर एक पिक्सेल सुमारे ३.४ सें.मी. व्यापतो. खांद्याशी ६० सें.मी. उंचीचा बिबट्या अशा दुर्बिणीतून ८७५ मीटरवर 'दिसतो', मात्र तो कुत्रा नव्हे, हे १३४ मीटरच्या आतच ठरविता येते. १९ मि.मी. च्या भिंगात हीच अंतरे ४७५ व ७३ मीटर होतात. (पदवीच्या द्वितीय वर्षाचा विद्यार्थीही ही आकडेमोड करू शकेल, जाहिरातपत्रकांत ती क्वचितच असते.) मधल्या पट्ट्यातील ठिपका झुडपाआड उकिडव्या बसलेल्या माणसाचाही असू शकतो. अंकीय झूमने ठिपका मोठा होतो, माहिती वाढत नाही.

मोठे भिंग घ्यावे, तर दृष्टिक्षेत्र आकसते. ३८४ पिक्सेल रुंदीच्या संवेदकावर ३५ मि.मी. भिंगातून ५० मीटरवर जेमतेम साडेसहा मीटरची पट्टी दिसते, १९ मि.मी. भिंगातून बारा मीटरची. आरेतील पाड्यांच्या वाटांवर गस्तीसाठी, प्रस्तुत लेखकाच्या मते, दुसरेच सोयीचे.

स्थानिक मर्यादा

दिवसभर तापलेले कान्हेरीचे कातळ रात्री उशिरापर्यंत उष्ण राहतात आणि त्यावर बसलेले जनावर पार्श्वभूमीत विरून जाते. पावसाळ्यात ओल्या केसांचा पृष्ठभाग थंड होतो, शिवाय पाऊस व बाष्प प्रारण शोषतात. म्हणून येथे संवेदनक्षमतेचा आकडा (मिलिकेल्विनमध्ये, जितका कमी तितका चांगला) पल्ल्याइतकाच महत्त्वाचा. साध्या काचेतून हे प्रारण जात नाही, त्यामुळे जीपची काच खाली करावीच लागते. बेशुद्धीच्या बंदुकीवर ही दुर्बीण बसविण्यात वेगळाच धोका आहे. हवेच्याच तापमानाच्या काटक्या चित्रात जवळजवळ उमटत नाहीत, आणि डार्ट वळविण्यास एक काटकी पुरते.

याहून मूलभूत उणीव म्हणजे बिबट्याच्या अंगावरील ठिपके रंगाने भिन्न असले तरी तापमानाने फारसे भिन्न नसतात. औष्णिक चित्रात ते दिसत नाहीत. कायद्याचा आदेश मात्र विशिष्ट प्राण्यापुरता असतो. २०२१ मध्ये आरेत हल्ले झाले, तेव्हा पिंजऱ्यात सापडलेली मादी हल्ला करणारीच आहे काय, हे कॅमेरा-सापळ्यांच्या छायाचित्रांतील ठिपक्यांवरून पडताळावे लागले. हे काम कितीही महागडी औष्णिक दुर्बीण करू शकत नाही.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक मागावयाचे असेल, तर ते जुलैच्या पावसात, शंभर मीटरवर एक कुत्रा व एक उकिडवा माणूस ठेवून मागावे. कोठे कोण आहे हे बघणाऱ्यास आधी सांगू नये.