देहावरील खूणबिंदू आणि त्यांचा यंत्राने घेतलेला शोध

मानवी देहाचे कोणतेही माप दोन गोष्टींवर उभे असते: मोजण्याचे साधन, आणि मोजणी जेथे सुरू होते व जेथे संपते ते देहावरचे बिंदू. साधन टेप असो, कॅलिपर असो की प्रकाशाने मोजणारे यंत्र असो, ते मिलिमीटरपर्यंत अचूक करता येते; परंतु बिंदूच दोन बोटे सरकला तर त्या अचूकतेला काही अर्थ उरत नाही. मानवमितीत, म्हणजे देहमापनाच्या शास्त्रात, हे खूणबिंदू शक्यतो हाडांच्या टोकांवर ठरवलेले असतात, कारण मांस आणि चरबी वयाप्रमाणे, आजारपणात, बाळंतपणानंतर कमीजास्त होतात, हाड मात्र प्रौढपणी सहसा आपली जागा सोडत नाही. खांद्याच्या टोकाचे हाड, मानेच्या तळाचा सातवा मणका, कमरेच्या हाडाचे पुढचे टोक, पायाचा बाहेरचा घोटा ही त्यांतली नेहमीची नावे.

सातव्या मणक्याची जागा कशी सापडते ते पाहण्यासारखे आहे. मापक समोरच्या व्यक्तीला मान पुढे झुकवायला सांगतो, मानेच्या तळाशी जे हाड ठळकपणे वर येते त्यावर बोट टेकवतो, मग बोट न उचलता मान सरळ करायला लावतो आणि बोटाखाली खूण करतो. मान सरळ होताच तो उंचवटा बराचसा दबतो, काहींच्या पाठीवर तर दिसेनासाच होतो. तरीही जागा चुकत नाही, कारण ती डोळ्याने नव्हे, स्पर्शाने पक्की केलेली असते. हाताने मोजण्याच्या या परंपरेला महाराष्ट्रात मोठा वारसा आहे. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या, आणि महाराष्ट्रातील देहमापनांवरचा त्यांचा व वि. म. दांडेकर यांचा ग्रंथ १९५१ साली तेथूनच प्रसिद्ध झाला. त्या काळच्या मानवमितीवर वंशविचाराची गडद छाया होती हे खरे. पण मापनाची जी शिस्त त्या शास्त्राने घालून दिली, ती पुढे कपडे, आसने आणि अवजारे यांच्या रचनेला उपयोगी पडली, आणि ही त्या शिस्तीची अधिक चांगली गती म्हटली पाहिजे.

त्रिमिती स्कॅनरने हे चित्र पालटले. लेझर किंवा रचनाबद्ध प्रकाश देहावर टाकून कॅमेरे त्याचे परावर्तन टिपतात आणि संगणक त्यातून लाखो बिंदूंचा ढग तयार करतो. हे बिंदू एकमेकांना जोडले की देहाच्या पृष्ठभागाची त्रिकोणी जाळी मिळते. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि पुढे नेदरलँड्स व इटलीत गेलेल्या ‘सीझर’ सर्वेक्षणात यासाठी वापरलेले एक यंत्र सुमारे १७ सेकंदांत पूर्ण देह टिपत असे. ज्या मोजणीला हाताने अर्धा-पाऊण तास लागतो, ती क्षणात आटोपल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात आटोपलेली असते ती केवळ पृष्ठभागाची नोंद. यंत्राला त्वचेखाली चाचपता येत नाही. म्हणूनच सीझरच्या मापकांनी स्कॅनपूर्वी प्रत्येकाच्या अंगावर बोटांनी हाडे शोधून सत्तरहून अधिक पांढऱ्या टिकल्या चिकटवल्या होत्या. हजारो माणसांवर टिकल्या लावण्याचे हे काम वेळखाऊ, खर्चिक आणि, विशेषतः स्त्रियांसाठी, संकोचाचे असते. खूणबिंदू संगणकानेच शोधावेत ही गरज तेथून निर्माण झाली.

सर्वांत साधी रीत भूमितीची आहे. स्कॅनचे खालून वर आडवे काप घेत गेले तर पायांचे दोन स्वतंत्र काप एका पातळीवर एक होतात, आणि ती पातळी म्हणजे जांघेचा बिंदू. काखही अशाच रीतीने, हात धडाला मिळतो तेथे, सापडते. कंबर सर्वांत लहान घेराच्या जागी धरली जाते, पण पोट सुटलेल्या माणसाला तसा लहान घेर नसतोच, आणि तेथे हा नियम कोलमडतो. हात अंगाला चिकटले, मांड्या एकमेकींना टेकल्या, अंबाड्याने मान झाकली, की यंत्राच्या नजरेआड राहिलेल्या जागी जाळीला भोके पडतात. म्हणून स्कॅनच्या वेळी घट्ट कपडे आणि टोपी घालून, पाय किंचित फाकवून, हात दूर धरून उभे राहावे लागते.

दुसरी रीत साच्याची. ठरावीक संख्येच्या बिंदूंचा एक तयार देह संगणकात असतो. तो ताणून, आक्रसून प्रत्येक स्कॅनवर चपखल बसवला जातो, आणि साच्यावर खांद्याचे टोक म्हणून जो क्रमांक नोंदलेला असेल त्याची जागा नव्या देहावर आपोआप मिळते. ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत २०१५ साली मांडलेल्या ‘एसएमपीएल’ या प्रसिद्ध साच्यात असे ६८९० बिंदू आहेत. अलीकडची न्यूरल जाळी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणनपद्धती, थेट बिंदूंच्या ढगावरूनच खुणांचा अंदाज बांधतात. या साऱ्या पद्धती न दिसणारे हाड दिसणाऱ्या आकारावरून ओळखतात, आणि ती ओळख त्यांना आधी पाहिलेल्या देहांनी शिकवलेली असते. एसएमपीएलची देहाकारांची जाण सीझरच्या स्कॅनमधून आलेली आहे. याचा अर्थ, तिचे गुरू अमेरिकी आणि युरोपीय देह आहेत.

अशा मापांच्या अचूकतेबाबत आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०६८५ कडक आहे: स्कॅनवरून काढलेले माप आणि कुशल मापकाने हाताने घेतलेले माप यांतला सरासरी फरक उंचीच्या मापांत ४ मिलिमीटरपेक्षा आणि छाती-कमरेसारख्या मोठ्या घेरांत ९ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा. अंतिम कसोटी अजूनही माणसाच्या बोटांचीच आहे.

भारतात केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने ‘निफ्ट’ या फॅशन तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेला ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प भारतीय देहांची अशी नोंद करण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५००० स्त्री-पुरुषांचे त्रिमिती स्कॅन घेऊन भारतीयांसाठी कपड्यांची मापसारणी तयार करणे हा त्याचा हेतू. त्यासाठी निवडलेल्या सहा ठिकाणांत मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद आणि शिलाँग ही शहरे आहेत.

हा नकाशा शहरांचा असल्याने, पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे परभणी जिल्ह्यातील चुडावा यासारखे गाव त्यात कोठे बसते हा प्रश्न येथे अपरिहार्य ठरतो. मराठवाड्याच्या अशा गावांत शिंप्याकडे मापाचा ब्लाऊज दिला की काम भागते, म्हणून तयार कपड्यांच्या मापसारणीची निकड तेथे कमी भासेल. अवजारांचे तसे नाही. सायकल कोळप्याचा दांडा कोपराच्या उंचीशी जुळला नाही तर ढकलणाऱ्याला दिवसभर वाकावे लागते किंवा खांदे उचलून धरावे लागतात, आणि खुरप्याची मूठ तळहाताच्या मापाची नसेल तर बोटांवर ताण येतो. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने २००९ साली शेतकामगारांची ७९ देहमापे ग्रंथरूपाने दिली, हे त्यामुळेच मोलाचे काम होय.

स्वयंचलित पद्धतीची खरी परीक्षा अशाच देहांवर होईल. वर्षानुवर्षे ओणव्याने निंदण-खुरपण केलेल्या बाईची पाठ पोक धरते, आणि पाठीवरचा सर्वांत बाहेर आलेला उंचवटा सातवा मणका उरत नाही. वक्रता पाहून बिंदू ठरवणारी पद्धत तेथे खाली घसरते, तर साचा तिच्या पाठीला ताठ पाठीच्या ओळखीकडे खेचतो. उपाय अवघड नाही, कष्टाचा आहे: प्रशिक्षित स्त्री मापकांनी गावात आडोशाची सोय करून काहीशे देहांवर हाताने टिकल्या लावाव्यात, मग स्कॅन घ्यावा आणि त्यावर यंत्राला शिकवावे. कृषी विद्यापीठ आणि त्याचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय परभणीतच असल्याने अशा कामासाठी लांब जाण्याचे कारण नाही. सुरुवात सातवा मणका, खांद्याचे टोक, कोपर आणि मनगट या चार खुणांपासून करता येईल, कारण दांड्याची उंची आणि हाताचा पल्ला यांचे हिशेब त्यांच्यावरच बसतात.