हरवलेले 180 चौरस फूट

पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीत जागेचा विषय निघाला की एकर-हेक्टर मागे पडतात आणि बोलणं गुंठ्यावर येतं. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, हे इथल्या आठवी-नववीतल्या पोरांच्याही कानावरून गेलेलं असतं. तेच पोर वर्गात (अ + ब)² बरोबर अ² + ब² असं बिनधास्त लिहून मोकळं होतं.

यावर ठरलेला उपाय म्हणजे सूत्र पन्नास वेळा लिहून आणायला सांगणं. त्यापेक्षा गुंठाच वहीत आणावा. चौकटीच्या कागदावर 33 घरांचा चौरस आखायचा, उभी आणि आडवी अशी एकेक रेघ 30व्या घरानंतर मारायची आणि कात्री चालवायची. चार तुकडे हातात येतात: 30 बाय 30 चा मोठा चौरस, 3 बाय 3 चा चिमुकला आणि 30 बाय 3 च्या दोन लांब पट्ट्या. मोठा 900, चिमुकला 9. म्हणजे पोराच्या सूत्राने गुंठा भरला 909 चौरस फुटांचा. बाकीचे 180 गेले कुठे? ते त्या दोन पट्ट्यांत आहेत. त्यांचंच नाव 2अब. जागेच्या व्यवहारात 180 चौरस फूट विसरणारा माणूस मोशीत शोधून सापडायचा नाही!

कात्री-कागद म्हणजे पोरखेळ, दहावीच्या तोंडावर हे कशाला, असं पालक म्हणतात. पण नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझमीने वर्गसमीकरणांची उकल पटवून दिली ती असेच चौरस आणि पट्ट्या जोडून. बोर्डाच्या 40 गुणांच्या बीजगणिताच्या पेपरातही ‘कृती पूर्ण करा’ असे प्रश्न असतात. अर्थात छापील चौकटीत आकडे भरणं आणि कृती करणं यांत फरक आहे, हेही कबूल करायला हवं.

याच्या अगदी उलटा गैरसमज काही उत्साही शिक्षकांचा असतो: खेळ घेतला, वर्ग हसला, म्हणजे गणित आलं. समजा, मुलांना तीन अंकी संख्या मनात धरायला सांगितली, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा एवढीच अट. 732 घेऊ. ती उलटवून मोठीतून लहान वजा करायची: 732 वजा 237, 495. आता हे उत्तर उलटवून त्यातच मिळवायचं: 495 अधिक 594. उत्तर 1089, पुन्हा गुंठाच! वजाबाकी 99 आली तर ती 099 धरायची. दुसरी कुठलीही संख्या घ्या, 1089च येतं. वर्ग टाळ्या वाजवतो. इथे तास संपला, तर झाली ती फक्त जादू. संख्या 100अ + 10ब + क अशी मांडली की ब वजाबाकीत उडून जातो आणि उरतं 99(अ − क). बीजगणित इथे सुरू होतं.

मोशीवरून जाणारा रस्ता ज्या नाशिकला पोचतो, त्याच्याजवळच्या देवळालीत द. रा. कापरेकर हे शाळामास्तर होते. त्यांचा जगभर गाजलेला 6174 हा आकडाही असाच उघडून दाखवता येतो. चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असे असले, तर मोठ्यात मोठी वजा लहानात लहान संख्या म्हणजे 999(अ − ड) + 90(ब − क). आलेल्या उत्तरावर हीच वजाबाकी पुन्हा पुन्हा करायची: 3524 घेतलं तर 3087, मग 8352, मग 6174. तिसऱ्याच फेरीत मुक्काम.

‘3अ म्हणजे तीन आंबे, 2क म्हणजे दोन केळी’ ही क्लृप्ती मात्र सोपी वाटते आणि पुढे घात करते. अक्षर वस्तूचं नसतं, संख्येचं असतं. चाकणच्या एखाद्या कारखान्यात सुपरवायझरांच्या सहापट कामगार आहेत, हे समीकरणात लिहायला सांगा. बरेच जण 6क = स लिहितात; बरोबर आहे क = 6स. अमेरिकेतले संशोधक जॉन क्लेमंट यांनी असाच प्रश्न, प्राध्यापक आणि विद्यार्थी घालून, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या 150 मुलांना विचारला होता. 37 टक्के चुकले. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं आहेत. यावत्तावत् म्हणजे जेवढं असेल तेवढं. यात फळांचा पत्ताच नाही.

एकाच छापाची वीस गणितं ओळीने सोडवली की हात बसतो, हेही अर्धसत्यच. फ्लोरिडात सातवीच्या 54 वर्गांवर झालेला प्रयोग 2020 साली प्रसिद्ध झाला. काही वर्गांना गणितं प्रकारानुसार दिली, काहींना तीच मिसळून. महिन्याभराने अचानक घेतलेल्या चाचणीत मिसळून सोडवणाऱ्यांना सरासरी 61 टक्के मिळाले, दुसऱ्यांना 38. कारण प्रकरणाचं नाव डोक्यावर छापलेलं असलं की पद्धत निवडावीच लागत नाही. यासाठी एक जुना डबा पुरतो. रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी यांच्या चिठ्ठ्या त्यात टाकायच्या. चिठ्ठी काढणाऱ्याने गणित सोडवायचं नाही, फक्त रीत कुठली आणि का, एवढंच सांगायचं.

साहित्यपेटी किंवा प्रोजेक्टर नसला तरी अडत नाही. रिक्षाचा मीटरही चालतो. पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये सप्टेंबर 2022 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 17 रुपये असा दर लागू झाला. (मीटरने यायला रिक्षावाला तयार झाला, असं धरून चालू.) क्ष किलोमीटरचं भाडं 25 + 17(क्ष − 1.5), म्हणजेच 17क्ष − 0.5. आलेख काढून रेषा मागे शून्यापर्यंत ओढली, तर रिक्षात न बसताच रिक्षावाला आपल्याला आठ आणे देणं लागतो. मुलं हसतात, आणि कोणीतरी विचारतंच, की ही रेषा नक्की सुरू कुठून होते. मग दीड किलोमीटरवर थांबून खोडरबर काढायचं आणि तिथून मागे, 25 रुपयांवर, एक आडवी रेघ मारायची.