दोन गिऱ्हाइकांमधली वीस मिनिटं

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली, तेव्हा रुग्णसंख्येत बुलढाणा जिल्हा सगळ्यात पुढे होता. शेजारच्या अकोला-अमरावतीतही गल्लोगल्ली काळे चष्मे दिसायचे आणि भेटणारा माणूस हालहवाल विचारायच्या आधी "डोये आले का वो?" म्हणायचा. साथ ओसरली आणि पार्लरमधली गर्दी पुन्हा पूर्वीसारखी झाली. अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा अमरावतीच्या राजकमल चौकाकडे काय, लग्नसराईच्या पॅकेजमध्ये आता आयब्रो-फेशियलच्या जोडीला लॅश लिफ्टही असतं. हे काम थेट पापणीच्या कडेवर चालतं, आणि ते चालू असताना गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले असतात. आपल्यावर काय वापरलं जातंय हे तिला बघताच येत नाही. म्हणूनच या कामातली स्वच्छता कशी असते, ती कुठे बिघडते आणि का, हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी लॅश लिफ्ट म्हणजे काय ते पाहू. यात खोट्या पापण्या लावत नाहीत, आपल्याच पापण्यांना वरच्या बाजूला वळण देतात. मिटलेल्या पापणीवर अर्धगोल सिलिकॉनचं पॅड चिकटवतात आणि एकेक केस सरळ करून पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने त्या पॅडवर बसवतात. मग पहिलं लोशन लागतं. त्यात बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो, काही कंपन्या सिस्टीअमिन वापरतात. केसातल्या केराटिनला आकार देणारे गंधकाचे बंध हे लोशन सोडवतं, त्यामुळे केस नरम पडतो आणि पॅडचा आकार घेतो. ठरलेली मिनिटं झाली की ते पुसून दुसरं लोशन लावतात. त्यातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने किंवा सोडियम ब्रोमेटने तेच बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. शेवटी तेलकट पोषक थर लावून पॅड सोडवतात. वळण सहा ते आठ आठवडे टिकतं. तोवर जुने केस गळून नवे सरळ केस येतात.

ही रसायनं साधी नाहीत. युरोपीय महासंघाने २०१५ च्या नियमात पापण्यांसाठीच्या थायोग्लायकोलिक आम्लाला ११ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि ते फक्त व्यावसायिकांनीच वापरावं अशी अट ठेवली. लोशन अल्कधर्मी असतं आणि अल्क डोळ्यात गेलं तर आम्लापेक्षा खोल शिरतं. लोशन मुळांपासून थोडं वर, केसाच्या खालच्या अर्ध्या भागालाच लावायचं असतं ते याचसाठी. पापणीच्या कडेला तेलग्रंथींची बारीक तोंडं असतात. तिथे डिंक, लोशन आणि दुसऱ्या कुणाच्या पापणीवरचे जंतू एकत्र साचले की रांजणवाडी उठायला वेळ लागत नाही.

आता हत्यारांकडे येऊ. चिमटा, केस उचलायची वाकडी सुई आणि सिलिकॉनचं पॅड या तीन वस्तू एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर जातात. बाकी सगळं एकदा वापरून फेकायचं असतं: मायक्रोब्रश, पापण्या विंचरायचा स्पूली, खालच्या पापणीवरची जेलपट्टी, उशीवरचा कागद. बहुतेक पार्लरमध्ये चिमटा स्पिरिटच्या कापसाने पुसून लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला वापरतात. कामात हयगय करावी असा त्यांचा हेतू नसतो. स्पिरिटचा वास आला की वस्तू स्वच्छ झाली, अशी आपली सगळ्यांचीच समजूत आहे. पण डोळे येण्याच्या साथींमागे बहुतेक वेळा अॅडिनोव्हायरस किंवा एंटेरोव्हायरस गटातले विषाणू असतात. या विषाणूंवर चरबीचं आवरण नसतं, आणि स्पिरिटचा हल्ला मुख्यतः त्या आवरणावर होतो. आवरणच नसलेला अॅडिनोव्हायरस स्पिरिटच्या एका पुसण्याला दाद देत नाही आणि कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे टिकून राहतो. डोळ्याचा दाब मोजण्याच्या उपकरणावरून नेत्ररुग्णालयांतही त्याची साथ पसरल्याच्या जुन्या नोंदी आहेत. खुद्द डॉक्टरांच्या टेबलावर हे घडू शकतं, तर पार्लरच्या ट्रेवर घडणारच.

मग करायचं काय? क्रम असा आहे: आधी धुणं, मग निर्जंतुक करणं. हा क्रम उलटा झाला की सगळं वाया. चिमट्याच्या टोकांमध्ये वाळलेला डिंक आणि सिलिकॉनच्या खाचांतला चिकट थर हे जंतूंचं घर असतं, कुठलंही द्रावण त्याच्या आत पोचत नाही. कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने पॅड दोन्ही बाजूंनी घासायचं आणि उजेडात तिरपं धरून पाहायचं. खाचांत पांढुरकी रेघ दिसली तर डिंक अजून आहे, पुन्हा घासायचं. पॅडला चीर गेली असेल तर ते टाकून द्यावं, कारण चिरेतला डिंक ब्रशने निघत नाही.

धुतलेलं पॅड सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायचं. ५ टक्क्यांची बाटली असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ०.१ टक्का. दहा मिनिटं पूर्ण बुडालेलं राहिलं पाहिजे, नुसतं बुचकळून काढायचं नाही. मग उकळून गार केलेल्या पाण्याने दोनदा खळबळून धुवायचं. हायपोचा अंश पॅडवर राहिला तर तो पुढच्या बाईच्या पापणीला झोंबेल. हे द्रावण रोज ताजं करावं, आणि वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तर बाटलीच छोटी घ्यावी, कारण उष्णतेने आणि उजेडाने हायपोचा जोर लवकर ओसरतो. संडास धुण्याच्या आम्लाजवळ ते चुकूनही ठेवू नये. दोन्ही एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो.

स्टीलच्या चिमट्याला हायपो चालत नाही, गंज धरतो. त्याला वाफच बरी. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, पंधरा पौंड दाबाखाली, पंधरा ते वीस मिनिटं. छोट्या गावच्या पार्लरला ऑटोक्लेव्ह परवडत नाही हे मान्य आहे. घरचा प्रेशर कुकर शिट्टीच्या वेळी साधारण त्याच दाबाला पोचतो. पार्लरसाठी वेगळा कुकर ठेवून, तळाशी पाणी, वर जाळी आणि जाळीवर कापडात गुंडाळलेले चिमटे, असं पूर्ण दाब आल्यापासून वीस मिनिटं ठेवलं तर काम चांगलं होतं. निळा दिवा लागणाऱ्या यूव्हीच्या डब्यावर मात्र भरवसा ठेवू नये. प्रकाश जिथे पडतो तिथेच त्याचा परिणाम, आणि मिटलेल्या चिमट्याच्या आत तो पडत नाही. आधी निर्जंतुक केलेली वस्तू धुळीपासून झाकून ठेवायला तो डबा ठीक आहे, एवढंच.

धुणं पाच मिनिटं, द्रावण दहा, खळबळणं आणि वाळवणं पाच. दोन गिऱ्हाइकांमध्ये ही वीस मिनिटं लागतात. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. ब्रशच्या पाकिटाला किंवा हायपोच्या बाटलीला फार पैसे पडत नाहीत. तुळशीचं लग्न उरकलं की अक्षय्यतृतीयेपर्यंत आणि पुढे मे महिनाभर तारखा लागलेल्या असतात, बाहेर नवरीच्या मावश्या-आत्या रांगेत बसलेल्या असतात, आणि त्या घाईत ही वीस मिनिटं कापली जातात. यावर उपाय म्हणजे पॅड आणि चिमट्यांचे तीन-चार संच ठेवणं. एक कामात, एक द्रावणात, एक झाकणाच्या डब्यात तयार. वापरलेल्याचा डबा आणि स्वच्छ झालेल्याचा डबा वेगळ्या रंगाचे असावेत. गडबडीत चिठ्ठी वाचली जात नाही, रंग लगेच ओळखू येतो.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने साबणाला धड फेस येत नाही, स्टीलवर पांढरे डाग पडतात आणि कुकरच्या तळाला क्षारांचा थर जमतो. अकोल्यात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, म्हणून पार्लरमध्येही ते ड्रममध्ये भरून ठेवलेलं असतं. साठवलेल्या पाण्यात अकँथअमीबासारखे सूक्ष्म जीव असू शकतात आणि ते बुबुळाला अतिशय जाचक ठरतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारीला तर धोका जास्तच. त्यामुळे हत्यारं घासायला नळाचं पाणी चालेल, पण शेवटचं खळबळणं उकळून गार केलेल्या पाण्याचं, आणि ऑटोक्लेव्हमध्ये डिस्टिल्ड वॉटर. पापणी पुसायला मेडिकलमध्ये मिळणारं ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाइनच वापरावं. छोटी बाटली घ्यावी आणि उघडलेली त्याच दिवशी संपवावी. थंड पाण्याचा जार पिण्यासाठी असतो, तो निर्जंतुक नसतो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कूलर लागणारच. पण कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर नको. टाकीतल्या शिळ्या पाण्याचे तुषार आणि गवताच्या जाळीतली धूळ त्याच्याबरोबर येते, शिवाय दमट हवेत डिंक वाळत नाही. डिंक वाळला नाही की पार्लरवाली ताई पुन्हापुन्हा केस दाबत राहते आणि पापणीला हात लागत राहतो.

पाऊचची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती पुष्कळ ठिकाणी दिसते. लोशनचे छोटे पाऊच एका गिऱ्हाइकासाठी असतात. लोशन उरतं म्हणून पाऊचचं तोंड दुमडून त्याला कागदाची क्लिप लावतात आणि दुसऱ्या दिवशी तेच उघडतात. यात दोन घोटाळे आहेत. एक तर पापणीला लागलेला ब्रश त्याच पाऊचमध्ये पुन्हा बुडाला असेल, तर कालचे जंतू आज दुसरीच्या डोळ्याला. दुसरं, हवा लागली की पहिल्या लोशनचा जोर कमी होतो. वळण येत नाही म्हणून मग दहा मिनिटांच्या जागी वीस मिनिटं ते ठेवलं जातं, आणि कातडीची आग होते. लोशन स्वच्छ काचेवर दोन थेंब काढून घ्यावं, ब्रश फक्त त्या थेंबात बुडवावा. उरलेला पाऊच फेकून द्यावा, जिवावर आलं तरी.

हातांबद्दल थोडक्यात. साबणाने वीस सेकंद, नखांखालीही, मग हातमोजे. हातमोजे घातलेल्या हाताने फोन उचलला तर ते बदलायचे. ज्यांना तोंडात दोरा धरून थ्रेडिंग करायची सवय आहे, त्यांनी लॅश लिफ्टच्या दिवशी तरी थ्रेडिंग आधी करू नये. दोऱ्याने आणि वॅक्सने कातडीवर न दिसणारे ओरखडे येतात, त्यात लाळेतले जंतू आणि वरून अल्कधर्मी लोशन.

गिऱ्हाइकाला झोपवण्याआधी तिला उजेडात बसवून डोळे पाहावेत आणि सरळ विचारावं: "ताई, एवढ्यात डोये तं आले नाई ना तुमचे? घरात कोनाले?" लाली, चिपडं, रांजणवाडी, पापणीच्या मुळाशी कोंडा, यांपैकी काही दिसलं तर काम पुढे ढकलायचं. डोळे येऊन गेल्यावर निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत. मोतीबिंदूचं किंवा चष्मा घालवण्याचं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हात लावू नये. लेन्स काढायला लावायची, मस्कारा आणि काजळ पुसायचं. पॅच टेस्ट कानामागे, २४ ते ४८ तास आधी. हळदीच्या दिवशी सकाळी येणाऱ्या नवरीला ही टेस्ट करायला वेळच उरत नाही, म्हणून बुकिंगच्या वेळीच ती करून टाकावी.

लिफ्टनंतर पापण्या काळ्या करून द्यायची पद्धत आहे, आणि त्यासाठी काही ठिकाणी डोक्याची मेंदी-डाय वापरतात. हे अजिबात करू नये. आपल्या देशातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांप्रमाणे केसांच्या रासायनिक डायच्या वेष्टनावर इशारा छापावा लागतो: पापण्या किंवा भुवयांना लावू नये, अंधत्व येऊ शकतं. पाकीट उलटं करून बघा, तिथे तो असतो. या इशाऱ्यामागे खरी माणसं आहेत. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाच्या पापण्यांच्या डायने बायकांचे डोळे गेले होते. त्या डायमध्ये पीपीडी या रसायनाचा अंश होता. तिथला १९३८ चा अन्न, औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायदा होण्यामागे हे प्रकरणही होतं.

आणि लोशन डोळ्यात गेलंच तर? गिऱ्हाइकाला उठवून बसवा, पापणी बोटांनी उघडी धरा आणि सलाइनची धार सोडा. पंधरा-वीस मिनिटं, न थांबता. त्यासाठी ५०० मिलिलिटरच्या दोन बाटल्या हाताशी असाव्यात. सलाइन संपलं तर प्यायच्या पाण्याची धार सोडा, अशा वेळी पाणी उकळलेलं आहे का हे पाहत बसू नका. उशीर झाला तर जास्त नुकसान होतं. गुलाबपाणी, दूध, मध काही घालायचं नाही. मग लोशनचं रिकामं पाऊच बरोबर घेऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, रात्रीची वेळ असेल तर अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा अमरावतीचं इर्विन रुग्णालय. पाऊचवरचे घटक वाचले की डॉक्टरांना आम्ल की अल्क हे लगेच कळतं.

घरी गेल्यावर पहिला एक दिवस पापण्या ओल्या करायच्या नाहीत, चोळायच्या नाहीत, आणि बहिणीबहिणींत एकच काजळाची कांडी फिरवायची नाही. एका दिवसानंतर मात्र चेहरा रोज नीट धुवायचा. वळण जाईल या भीतीने आठवडाभर पापणीला पाणीच न लावणाऱ्या मुली आहेत, त्यांच्या पापणीच्या मुळाशी तेल आणि धूळ साचून खाज सुटते. थोडी लाली पहिल्या दोन-चार तासांत जाते. दुसऱ्या दिवशीही डोळा लाल असेल, उजेड सहन होत नसेल, अंधूक दिसत असेल किंवा सकाळी पापण्या चिकटत असतील, तर मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. डॉक्टरांना दाखवा आणि पार्लरमध्येही कळवा, म्हणजे त्या दिवशी त्याच खुर्चीवर आणखी कोण कोण झोपलं होतं ते ताईला तपासता येईल.