गिमवीचं पाणी

लघवी दुपारची हवी. एरवी डॉक्टर सकाळची पहिली मागतात. पण या रोगाची अंडी सर्वांत जास्त सापडतात ती दहा ते दोनच्या दरम्यान. भांडं थोडा वेळ हलवायचं नाही, वरचं हलकेच ओतून टाकायचं आणि तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशींच्या गर्दीत एक लांबट अंडं दिसतं, त्याच्या टोकाला काटा. तो काटा दिसला की ‘खडा असेल’, ‘उन्हाळी लागली असेल’ असल्या सगळ्या तर्कांना तिथंच पूर्णविराम. मूत्राशयाभोवतीच्या शिरांत कृमींची जोडपी वर्षानुवर्षं संसार करतात, नर मादीला अंगाच्या पन्हळीत धरून असतो. मादीची अंडी मूत्राशयाची भिंत भेदून बाहेर पडतात, म्हणून लघवी लाल होते. हा बिल्हार्झिया. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरला हे कृमी १८५१ साली कैरोत सापडले, त्यावरून हे नाव.

डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी हा रोग १९५२ साली जगापुढे मांडला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातला. आमच्या तासगावकडून कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण, आणि पुढं गुहागर तालुक्यात हे गाव.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. मुंबईत बिल्हार्झियाचे रोगी पूर्वीही दिसले होते. हॅच नावाच्या डॉक्टरनं १८७८ सालीच त्याबद्दल लिहिलं होतं. पण असा रोगी समोर आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला: कुठं कुठं जाऊन आलास? खलाशी असेल, सैनिक असेल, मिसर-आफ्रिकेच्या पाण्यात उतरलेला असेल. परदेशाचा धागा लागला की रोगाचा हिशेब जुळला. गिमवीत तो जुळेना. इथं रोग गावातच राहत होता, गावाच्याच पाण्यातून लागत होता.

हे पटणं जड का गेलं असेल, ते कळायला या कृमीची खोड माहीत हवी. माणसाकडून माणसाकडं तो थेट जात नाही. लघवी गोड्या पाण्यात मिसळली की अंड्यातून केसाळ अंगाचं पिल्लू निघतं. दिवसाभरात त्याला गोगलगाय गाठावी लागते, नाहीतर मेलंच. तीही वाटेल ती चालत नाही. गोगलगायीच्या पोटात एकाची हजारो होतात आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीची नवी पिल्लं उजेडात पाण्यात उतरतात. पाय भिजले की काही मिनिटांत ती कातडीतून आत. रॉबर्ट लाइपरनं १९१५ साली मिसरमध्ये ही साखळी उलगडली, तेव्हा तिथली गोगलगाय निघाली बुलिनस. बुलिनस भारतात नाही. मग काळजी कसली?

काळजी नव्हती असंही नाही. बोअर युद्धातले कैदी इंग्रजांनी आणून ठेवले ते अहमदनगरात आणि आमच्या साताऱ्यातही. तासगाव तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण आफ्रिका हे या रोगाचं जुनं माहेर. पहिल्या महायुद्धानंतर मिसर आणि मेसोपोटेमियातून पलटणी परतल्या, तेव्हाही हा रोग इथं रुजेल का, हा प्रश्न होताच. देशभरातल्या गोगलगायी तपासल्या जाऊ लागल्या; कलकत्त्याला सेवेल यांनी त्यांच्या पोटातल्या कृमींचा मोठा ग्रंथच १९२२ साली छापला. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन आणि सोपारकर यांनी १९१८ सालीच गुराढोरांच्या बिल्हार्झियाचं सगळं चक्र मांडलं होतं. त्यातली गोगलगाय म्हणजे आपल्या तळ्याडबक्यात ढिगानं सापडणारी चपटी, गुंडाळलेली शंखी. सोपारकरांचं नाव आपल्याकडं शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती, पण ते असो.

म्हणजे जनावरांचा रोग आहे, माणसाचा नाही; शंखी आहेत, पण या कृमीला चालणारी नाही. अशी समजूत बसलेली असताना गिमवीचे रोगी पुढं आले. मग गोगलगाय कोणती?

गाडगीळ आणि शाह यांचा पुढचा निबंध १९५५ सालचा, तो याच प्रश्नावर. अशा कामाची रीत सांगायला सोपी आणि करायला किचकट: रोग्याच्या लघवीतली अंडी स्वच्छ पाण्यात सोडून पिल्लं बाहेर काढायची, त्यात एकेका जातीच्या गोगलगायी ठेवायच्या, आणि मग रोज भिंगाखाली बघत बसायचं, दुभंगलेली शेपटी दिसते का. ती दिली फेरिसिया टेनुइस या जातीनं. हिला शंखी म्हणायलाही कुणी धजणार नाही. पीळ नाही, वेटोळं नाही. उपड्या टिकलीसारखी, जेमतेम काही मिलिमीटरची, पाण्यातल्या दगडाला, कुजक्या पानाला चिकटून बसलेली. गोगलगाय शोधायला निघालेला माणूस पान उलटून बघेल आणि काहीच नाही म्हणून टाकून देईल. पीळदार शंख शोधणाऱ्यांच्या नजरेतून ती निसटली नसती तरच नवल.

या जातीवर पुढं वाद झाले. हा खरोखर आफ्रिकेचाच कृमी, की इथलाच कुणी भाऊबंद, अशीही शंका काढली गेली. आफ्रिकेतली बुलिनस सोडून तो या टिकलीत कसा रमला, हा त्यातला खरा पेच.

गिमवीत रोग्यांना औषधं दिली गेली, पाण्यातल्या गोगलगायींवरही उपाय झाले. त्या काळी जगभर शंखी मारायला वापरत ते मोरचूद. आमचा द्राक्षवाला बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर कालवतो तेच. पाण्यात थोडं जरी पडलं तरी गोगलगायींचा जीव जातो, आणि जास्त झालं तर माशांचाही. आज माणसाला प्राझिक्वांटेल या गोळीनं बरं करता येतं. आफ्रिकेत ती कोट्यवधी शाळकरी पोरांना दिली जाते.

गिमवीचा ठिपका आजूबाजूला पसरला नाही. तरी शास्त्रज्ञांनी गावाकडं पाठ फिरवली नाही. अंडी न देणारी जुनी लागणही रक्तात खूण ठेवते, म्हणून हाफकिन संस्थेच्या मंडळींनी गिमवीकरांच्या रक्ताची एलायझा चाचणी केली आणि तिचा निबंध १९९१ साली छापला, पहिल्या अंड्याच्या बातमीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.