आत बसवायची सिलिकॉनची पिशवी: फुटते का, बाधते का?

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, तरी आमच्या गटातल्या एक वहिनी उठेनात. गेल्या वर्षी कॅन्सरच्या गाठीमुळे त्यांचा एका बाजूचा स्तन काढला आहे. बाकीच्या बायका गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, आत सिलिकॉन बसवून देता येईल. जाऊबाई म्हणतात, ते फुटतं आणि पुन्हा कॅन्सर होतो. खरं काय?" आम्हाला उत्तर येत नव्हतं. मग वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि जे समजलं ते आज सांगतो.

सिलिकॉन आपल्याला अनोळखी नाही. बाळाच्या दुधाच्या बाटलीचं मऊ बोंड पुष्कळदा त्याचंच असतं. छातीत बसवतात ती इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्याच जाड पापुद्र्याची पिशवी. आत सिलिकॉनचं घट्ट जेल असतं, काहींत मिठाचं पाणी. अशी पहिली सिलिकॉनची पिशवी 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टन शहरात एका बाईला बसवली. पुढे लाखो बायकांनी ती घेतली आणि तक्रारीही आल्या: सांधे दुखतात, थकवा जात नाही. म्हणून 1992 मध्ये तिथल्या औषध खात्याने, म्हणजे एफडीएने, जेलच्या पिशव्या बहुतेक बायकांसाठी बंद केल्या. स्तन काढलेल्या बायकांना मात्र अटी घालून त्या मिळत राहिल्या. 1999 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने सगळे अभ्यास तपासले. पिशवीमुळे सांध्यांचे किंवा अंगभर पसरणारे आजार होतात असा पुरावा तिला सापडला नाही. 2006 मध्ये मंजुरी परत मिळाली. तरी काही बायका आजही तसाच त्रास सांगतात, आणि तो मनाचा खेळ म्हणून उडवून लावू नये असं आम्हाला वाटतं.

आता जाऊबाईंच्या बोलण्याकडे वळू. स्तनाचा नेहमीचा कॅन्सर या पिशवीने होतो, असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण दुसरा एक, फार क्वचित होणारा कॅन्सर आहे. तो स्तनाच्या मांसाचा नसतो. पिशवीभोवती शरीर जो पापुद्रा धरतं, तिथल्या रोगप्रतिकारक पेशींचा असतो. खरबरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांशी त्याचा संबंध दिसला, गुळगुळीत पिशव्यांशी तसा नाही. जुलै 2019 मध्ये एफडीएने जगभरातल्या 573 बायकांची नोंद दिली, त्यातल्या 33 दगावल्या होत्या. तेव्हा अ‍ॅलर्गन कंपनीला तिच्या खरबरीत पिशव्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. हा आजार बहुधा बसवल्यावर काही वर्षांनी येतो. एक बाजू अचानक सुजते, आत पाणी धरतं, कधी गाठ लागते. लवकर कळलं तर पिशवी आणि भोवतीचा पापुद्रा काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. म्हणून जुनी पिशवी असलेल्या बाईची छाती सुजली, तर हळद लावून वाट बघू नका.

फुटण्याचं म्हणाल तर, हो, फुटते. मिठाच्या पाण्याची फुटली की छाती बसते, लगेच कळतं. जेलची फुटली तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही, कारण जेल तिथेच राहतं. यासाठी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सांगितली आहे. मंगळसूत्रासारखी जन्मभराची ही वस्तू नव्हे. कधी तरी ती काढायला किंवा बदलायला पुन्हा टेबलावर झोपावं लागू शकतं. त्या शस्त्रक्रियेचा, तपासण्यांचा, शहरात जाण्या-येण्याचा खर्च आजच धरावा लागतो. गटाचं कर्ज काढून पहिला खर्च भागेल हो, पण पुढचा?

आणखी एक त्रास जास्त आढळतो. भोवतीचा पापुद्रा आवळत जातो, छाती दगडासारखी कडक होते, दुखते. छातीला रेडिएशन दिलेलं असेल तर याची शक्यता वाढते. वहिनींना शेक दिलेला आहे. पण हे सगळं त्यांना कोणी मोकळेपणी सांगितलंच नव्हतं.

फ्रान्समधली गोष्ट ऐकून तर आमच्या अंगावर काटा आला. तिथल्या पीआयपी कंपनीने मंजूर जेलऐवजी कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन पिशव्यांत भरलं आणि कितीतरी देशांत विकलं. 2010 मध्ये ते उघडकीस आलं. पुढच्या वर्षी फ्रान्स सरकारने सुमारे 30 हजार बायकांना पिशव्या काढून घ्यायला सांगितलं. 2013 मध्ये मालकाला चार वर्षांची कैद झाली. म्हणून कोणत्या कंपनीची पिशवी, कोणता नंबर, कोणती तारीख, हे लिहिलेलं कार्ड दवाखान्यातून मागून घ्यायचं आणि रेशनकार्डाशेजारी ठेवायचं. उद्या एखादी पिशवी परत मागवली, तर ती आपल्या अंगात आहे का, हे त्या कार्डावरूनच कळेल. आणि सुईने पातळ सिलिकॉन टोचून छाती भरून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर तिथून निघून या. ते अंगात पसरतं, काढता येत नाही, जिवावरही बेततं.

वहिनींनी गटाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून घेतले. पिशवी गुळगुळीत की खरबरीत? शेक घेतलेल्या छातीवर टिकेल का? पुढची तपासणी कुठे आणि कितीला? पोटाचं किंवा पाठीचं मांस घेऊन स्तन करता येईल का? काहीच न बसवता राहिलं तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर म्हणाले, अगदी चालेल.

सध्या त्यांनी काही ठरवलेलं नाही. शिवणकाम करणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीने त्यांना मऊ सुती कापडाची गादी शिवून दिली आहे. आत कापूस, आणि वजनासाठी मूठभर बाजरी. ब्लाउजला आतून खिसा लावला, त्यात ती बसते. धुवायच्या आधी बाजरी काढावी लागते, एवढंच. कोणाला तिचं माप हवं असेल तर बैठकीला या, कागदावर कापून देऊ.