वजन उतरवा, पण ठरल्यापेक्षा कमी जेवू नका



वजन कमी करण्याची हवा आता शहरापुरती राहिलेली नाही. गावोगावी मधुमेह आणि रक्तदाबाच्या तपासण्या होतात, डॉक्टर वजन उतरवायला सांगतात आणि रोजच्या आहाराचा एक आकडा लिहून देतात. कुणाला १६०० कॅलरी, कुणाला १८००, ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे. घरातली पोरं मोबाईलवर त्याचा हिशेब ठेवायला शिकवतात. इथवर सारं ठीक. पण पुढं पुष्कळांची समजूत अशी होते, की या आकड्याच्या जितकं खाली राहू तितका फायदा. "डॉक्टरांनी सोळाशे सांगितलेत, मी अकराशेवर भागवतो," हे सांगताना चेहऱ्यावर मुदतीआधी कर्ज फेडल्याचं समाधान असतं.

वास्तविक त्या सोळाशेत कपात आधीच धरलेली असते. माणसाचा रोजचा खर्च समजा २१०० आहे, तर त्यातून ५०० वजा करून हा आकडा काढतात. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोज ५०० ची तूट म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास. पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलोनं खाली येतो, त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. त्यावर हुरळून जाऊ नये.

आता अकराशेवर भागवलं तर बिघडलं कुठं? आपल्या कारखान्याचा बॉयलर बगॅसवर चालतो, आणि उरलेल्या बगॅसचा आपण ढीग लावतो. अंगावरची चरबी म्हणजे हा ढीग. त्यातून रोज बेतानं काढत गेलं तर वाफ टिकते. पण शरीराची तऱ्हा अशी, की तूट फार मोठी पडली तर ते ढिगावर थांबत नाही, शेडचे वासेही बॉयलरात घालायला लागतं. हे वासे म्हणजे स्नायू. शिवाय वाफ वाचवण्यासाठी मिलचा वेगही कमी करतं.

याचा सविस्तर अभ्यास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झाला. (मिनेसोटा हा बीटच्या साखरेचा मुलूख. तिथल्या आणि शेजारच्या नॉर्थ डाकोटातल्या बीट उत्पादकांनी १९७३ साली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी विकत घेऊन सहकारी केली, म्हणजे एका परीनं आपले भाऊबंदच.) दुसऱ्या महायुद्धात युरोपात उपासमार पसरली होती. खंगलेल्या माणसांना पुन्हा खाण्यावर कसं आणायचं, हे समजण्यासाठी अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी १९४४ च्या नोव्हेंबरात ३६ तरुण घेतले. तत्त्वासाठी हाती शस्त्र धरायला नकार दिलेली ही मुलं, आपखुशीनं आलेली. आधी १२ आठवडे त्यांना दिवसाला ३२०० च्या आसपास कॅलरी दिल्या. मग २४ आठवडे सरासरी १५७० वर ठेवलं. खायला बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं.

वजन जवळजवळ चौथाईनं उतरलं. पण त्याबरोबर ताकद गेली, उन्हाळ्यातसुद्धा थंडी वाजू लागली, नाडी मंदावली. विश्रांतीत शरीर जेवढी उष्णता खर्च करतं ती सुमारे ४० टक्क्यांनी घटली. मुलं चिडचिडी आणि उदास झाली. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय विषय नाही. पुढं पोटभर मिळू लागल्यावर काहींची भूक पाच-पाच हजार कॅलरींनीही भागेना. चरबी आधी भरून आली, स्नायू मागाहून.

ही मुलं मुळात सडपातळ होती हे खरं. ज्याच्या अंगावर वीस किलो चरबी जादा आहे, त्याची गत लगेच अशी होणार नाही. पण लक्षात घ्यायचं ते हे, की १५७० हा आकडा त्यांच्या खर्चाच्या निम्मा होता. गादीवर बसून दुकान चालवणाऱ्याला जे पुरतं, ते रात्रीच्या लायटीवर उसाला दारं धरणाऱ्याला पुरणार नाही. कष्टाच्या दिवसांत आकडा वाढवून घ्यावा लागतो, आणि तो डॉक्टरांना विचारूनच. ८०० च्या खालचा आहार तर त्यांच्या देखरेखीशिवाय घेऊच नये. वजन फार झपाट्यानं उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचाही धोका असतो.

आणखी एक गंमत. पुष्कळांचे अकराशे हे अकराशे नसतातच. भाकरी मोजली जाते. फोडणीचं तेल, भाजीतला शेंगदाण्याचा कूट आणि चहा सुटतो. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी. दिवसात सहा कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर म्हटलं, तर १२ चमच्यांच्या २४० कॅलरी झाल्या. साखर कारखान्याच्या अंकात हे लिहायचं म्हणजे जरा पंचाईतच, पण सवलतीची साखर घरात आली म्हणून ती चहातच संपवली पाहिजे असं नाही. उपवासाचं तर बोलायलाच नको. साबुदाण्याची खिचडी आणि दाणे खाऊन एकादशी अन् दुप्पट खाशी. तेव्हा महिनाभरात काटा हलला नाही, तर ताट आणखी कमी करण्याआधी हिशेब तपासावा. उलट पहिले दोन आठवडे गेल्यावरही आठवड्याला किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल, तर खाणं वाढवावं: एखादं अंडं, वाटीभर उसळ, घट्ट वरण, दूध. घरातल्या बायकांनी हे विशेष पाहावं, कारण सगळ्यांची ताटं झाल्यावर जे उरेल ते खायची सवय, त्यात हा आकडा.

सगळ्यात सांभाळायचं ते मधुमेह्यांनी. इन्सुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेणारे जेवण टाळतात आणि गोळी मात्र घेतात. मग भर उन्हात बांधावर दरदरून घाम येतो, हात कापतात, छाती धडधडते, बोलणं असंबद्ध होतं. ही रक्तातली साखर उतरल्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी, आणि मग जेवू घालावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून दवाखान्यात न्यावं. अशा सभासदांनी शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि आहार कमी करायचा झाल्यास गोळीचं प्रमाण आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावं.